नव्या बोटीच्या इंजिनातले पहिले ऑइल कधी बदलावे?

‘इंजिन नवे आहे, तेव्हा ऑइल काळे पडेपर्यंत किंवा १०० तास पूर्ण होईपर्यंत बदलू नये’ असा सल्ला अनेक वर्षे फिरत आहे. तो काटकसरीचा वाटतो, पण पहिल्या बदलाला तो लागू होत नाही.

नव्या इंजिनात पिस्टनच्या रिंगा, सिलिंडर आणि बेअरिंग एकमेकांवर घासून बसत असताना धातूचा बारीक कीस सुटतो. फिल्टर त्यातला बराचसा अडवतो, सर्व नाही. उरलेला ऑइलबरोबर फिरत राहतो. म्हणूनच अनेक चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनांच्या पुस्तिकांत पहिला बदल सुमारे २० तासांनी आणि पुढचे साधारण १०० तासांनी सांगितलेले असतात. बोटीत आत बसवलेल्या अनेक डिझेल इंजिनांना पहिल्या वेळी ५० तास दिलेले असतात. दोन-स्ट्रोक आउटबोर्डमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाते, पण त्याच्याही गिअरचे ऑइल लवकर बदलावे लागते, आणि हे नेमके विसरले जाते.

रंगावरून निर्णय घेऊ नये. डिझेल इंजिनाचे ऑइल काजळीमुळे थोड्याच तासांत काळे होते, तर चार-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात ते कीस असूनही स्वच्छ दिसू शकते.

पडताळणीसाठी पुस्तिकेतील देखभालीचा तक्ता पाहावा आणि तासांचा मीटर नसल्यास चालवलेले तास वहीत लिहावेत. काढलेले ऑइल पांढऱ्या भांड्यात उन्हात धरल्यास बारीक चकाकी दिसू शकते. लोखंडाचा कीस चुंबकाला चिकटतो, ॲल्युमिनियमचा नाही. ठळक तुकडे किंवा दुधाळ रंग दिसल्यास मात्र इंजिन पुन्हा सुरू करण्यापूर्वी मेकॅनिकला दाखवावे.