स्ट्रेस टेस्ट नॉर्मल, तरी अटॅक: धमनीच्या भिंतीत डोकावणारी नवी चित्रं

‘गेल्याच महिन्यात स्ट्रेस टेस्ट नॉर्मल आली होती, मग अटॅक आला कसा?’ हार्ट अटॅकनंतर अनेक घरांत हा प्रश्न विचारला जातो, आणि टेस्ट नीट केली नसेल असं म्हणून तो तिथेच संपवला जातो. टेस्ट बहुतेक वेळा नीटच केलेली असते. तिने जे शोधलं ते वेगळं असतं आणि अटॅक ज्यामुळे आला ते वेगळं असतं. हृदयाच्या बिनचिरफाडीच्या तपासण्यांवर, म्हणजे शरीरात तार किंवा नळी न घालता काढायच्या चित्रांवर, गेल्या दोन दशकांत जे संशोधन झालं, त्यातला सगळ्यात मोलाचा भाग या फरकाशी जोडलेला आहे.

स्ट्रेस टेस्टमध्ये ट्रेडमिलवर चालताना ईसीजी काढतात तेव्हा मुख्यतः एक गोष्ट पाहिली जाते: हृदयाला जास्त काम पडल्यावर त्याला रक्त कमी पडतं का. धमनी बरीच अरुंद झाल्याशिवाय, ढोबळमानाने ७० टक्क्यांच्या आसपास, रक्त कमी पडत नाही. त्यामुळे ४० टक्के अडथळा असलेला माणूस ही परीक्षा सहज पास होतो. आणि अटॅक नेमका या ४० टक्क्यांतूनही येऊ शकतो.

ही गोष्ट नवी नाही. अमेरिकेतले हृदयरोगतज्ज्ञ विल्यम लिटल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये असे ४२ रुग्ण तपासले, ज्यांची अँजिओग्राफी अटॅकच्या आधीही झाली होती आणि नंतरही. त्यांपैकी २९ जणांत एक धमनी नव्याने बंद पडलेली दिसली. जी धमनी पुढे बंद पडली, तिच्यात आधीच्या चित्रात किती अडथळा होता? २९ पैकी १९ जणांत ५० टक्क्यांहून कमी. त्याच्या आदल्याच वर्षी शिकागोचे विकृतिशास्त्रज्ञ सेमूर ग्लागोव्ह यांनी दाखवलं होतं की भिंतीत चरबीचा थर साचू लागला की धमनी सुरुवातीला बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट मोकळी ठेवते. थराने धमनीचा साधारण ४० टक्के भाग व्यापेपर्यंत रक्ताची वाट अरुंद होतच नाही.

म्हणजे नळात क्षार साचत जावा आणि एक दिवस नळ बंद व्हावा, हे आपल्या डोक्यातलं हार्ट अटॅकचं चित्र अपुरं आहे. भिंतीत साचलेल्या थराला प्लाक म्हणतात. काही प्लाक कठीण, कॅल्शियमने भरलेले आणि त्यामानाने स्थिर असतात. काहींच्या पोटात मऊ कोलेस्टेरॉल आणि मेलेल्या पेशींचा लगदा असतो, आणि त्यावर तंतुमय ऊतीचं पातळ आवरण. या विषयावर आयुष्यभर काम केलेल्या, मूळच्या भारतीय असलेल्या विकृतिशास्त्रज्ञ रेणू विरमाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृत्यूनंतर तपासलेल्या हृदयांमधून धोक्याची एक मर्यादा काढली: आवरण ६५ मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पातळ. एवढं पातळ आवरण फाटलं की आतला लगदा रक्ताच्या संपर्कात येतो, काही मिनिटांत गुठळी होते आणि काल जेमतेम अरुंद असलेली धमनी आज पूर्ण बंद होते.

नेहमीच्या अँजिओग्राफीत मनगटातून किंवा जांघेतून कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, नेऊन धमनीत डाय, म्हणजे क्ष-किरणांत उठून दिसणारं द्रव्य, सोडतात. त्यात रक्ताची वाट दिसते, भिंत दिसत नाही. भिंत पाहायची तर वेगळं यंत्र हवं होतं. ते सीटी स्कॅनने दिलं.

हृदयाचा सीटी काढणं अवघड होतं, कारण हृदय थांबत नाही. गॉडफ्री हाऊन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिला रुग्ण तपासला गेला १९७१ मध्ये, पण त्याने मेंदू पाहिला. मेंदू हलत नाही. करोनरी धमन्या दोन-चार मिलिमीटर जाडीच्या, आणि सतत धडकणाऱ्या स्नायूवर पसरलेल्या. २००४-०५ च्या सुमारास ६४ स्लाइसची, म्हणजे एका फेरीत ६४ काप टिपणारी, यंत्रं आल्यावर हे काम रोजच्या वापरात आलं. आजही रुग्णाला आधी नाडी ६०-६५ च्या खाली आणायची गोळी देतात, धमन्या फुलाव्यात म्हणून जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देतात, हातातल्या शिरेतून आयोडीनयुक्त डाय सोडतात, आणि श्वास रोखायला सांगून ईसीजीच्या तालावर, दोन ठोक्यांमधल्या शांत क्षणी चित्र टिपतात. किरणोत्सर्गाची भीती पूर्वी रास्त होती: २००७ मध्ये अनेक देशांतली सरासरी मात्रा १२ मिलिसीव्हर्टच्या (किरणोत्सर्गाची मात्रा मोजायचं एकक) घरात होती. २०१७ च्या पाहणीत ती ३ च्या खाली आली. निसर्गातून आपल्याला वर्षभरात साधारण २.४ मिलिसीव्हर्ट मिळतातच.

चित्र सुंदर आलं म्हणून माणसं वाचतात असं नाही. ते सिद्ध करावं लागतं, आणि त्यासाठी स्कॉटलंडमधली चाचणी मला सगळ्यात शिकवणारी वाटते. ‘स्कॉट-हार्ट’ नावाच्या या अभ्यासात एडिनबराचे डेव्हिड न्यूबी आणि सहकाऱ्यांनी छातीत दुखतं म्हणून आलेल्या ४,१४६ जणांचे चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला नेहमीची तपासणी, दुसऱ्याला त्यात सीटी अँजिओग्राफीची, म्हणजे वर सांगितलेल्या डाय देऊन काढलेल्या सीटीची, भर. २०१८ मध्ये पाच वर्षांचे निकाल आले. हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक येण्याचं प्रमाण नेहमीच्या गटात ३.९ टक्के, सीटीच्या गटात २.३ टक्के.

हा फरक कशाने पडला? सीटीवाल्यांना जास्त स्टेंट टाकले किंवा जास्त बायपास केल्या म्हणून नाही. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांत त्यांचं प्रमाण जवळपास सारखंच होतं. फरक होता तो औषधांचा. अडथळा मोठा नसला तरी भिंतीत प्लाक दिसला, म्हणून डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनसारखी औषधं सुरू केली. आणि माझ्या मते, आपली धमनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाने ती घेतलीही.

याच्या उलट बाजूचे निकालही सांगायलाच हवेत. अमेरिकेतल्या ‘प्रॉमिस’ चाचणीत १०,००३ रुग्णांवर सीटी आणि स्ट्रेस तपासण्या यांची तुलना झाली. सुमारे दोन वर्षांत दोन्हींच्या निकालात फरक दिसला नाही. आणि २०२० मधल्या ‘इस्केमिया’ चाचणीने तर अनेकांच्या समजुतीला धक्का दिला. स्ट्रेस तपासणीत रक्तपुरवठा बऱ्यापैकी कमी दिसलेल्या, पण तब्येत स्थिर असलेल्या ५,१७९ रुग्णांपैकी निम्म्यांना लगेच अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे स्टेंट किंवा बायपास दिलं, निम्म्यांना आधी औषधांवर ठेवलं. छातीतलं दुखणं पहिल्या गटात जास्त कमी झालं, पण अटॅक आणि मृत्यू मिळून पाहिले तर दोन्ही गट सारखेच. लक्षात ठेवायचं एवढंच, की हे स्थिर रुग्ण होते. अटॅक चालू असलेल्या रुग्णाला हे लागू नाही.

आता संशोधकांचं लक्ष प्लाक आहे की नाही यावरून तो कसा आहे याकडे वळलं आहे. सीटीत प्रत्येक ऊतीची घनता हाऊन्सफील्डच्याच नावाच्या एककात मोजतात. पाणी शून्य, चरबी ऋण, हाड शेकड्यांत. ज्या प्लाकची घनता ३० हून कमी, त्याच्या पोटात मऊ लगदा असण्याची शक्यता जास्त. स्कॉट-हार्टचीच चित्रं पुन्हा मोजली तेव्हा, ज्यांच्या धमन्यांच्या आकारमानाचा ४ टक्क्यांहून जास्त भाग अशा मऊ प्लाकने व्यापला होता त्यांना अटॅकचा धोका जवळजवळ पाचपट निघाला. अरुंदपणाच्या टक्केवारीपेक्षा हा आकडा जास्त बोलका ठरला.

कॅल्शियम स्कोअरचा गोंधळही इथेच सुटतो. १९९० मध्ये आर्थर अॅगॅटस्टन आणि सहकाऱ्यांनी डाय न देता, सीटीवर केवळ धमन्यांतलं कॅल्शियम मोजून धोका सांगायची ही पद्धत मांडली. स्वस्त, झटपट, आणि मध्यमवयीन माणसाचा धोका ठरवायला खरोखर उपयोगी. पण स्टॅटिन घेणाऱ्याचा स्कोअर वाढला की घरचे घाबरतात, औषध बंद करावं का विचारतात. स्टॅटिनमुळे मऊ प्लाक कठीण होतो, त्यात कॅल्शियम बसतं. स्कोअर वाढतो आणि तरी धोका कमी झालेला असू शकतो. दुसरी बाजू तरुणांची. कॅल्शियम बसायला वर्षं लागतात. चाळिशीच्या आतल्या, छातीत दुखणाऱ्या माणसाचा स्कोअर शून्य आला म्हणून त्याला निर्धास्त घरी पाठवता येत नाही.

मला या साऱ्यात सगळ्यात विलक्षण वाटतं ते ऑक्सफर्डचे चारालाम्बोस अँटोनियाडिस यांच्या गटाचं काम. धमनीच्या भोवती चरबीचं वेष्टन असतं. सीटी वाचताना त्याकडे कुणी पाहत नसे. धमनीच्या भिंतीला सूज आली, म्हणजे दाह सुरू झाला, की ती जे रासायनिक संदेश बाहेर सोडते त्यांनी शेजारच्या चरबीपेशी पूर्ण वाढत नाहीत. त्यांच्यात चरबी कमी आणि पाणी जास्त राहतं. त्यामुळे सीटीवर त्या चरबीची घनता किंचित बदलते. डोळ्याला न दिसणारा हा बदल संगणक मोजू शकतो. जर्मनी आणि अमेरिकेतल्या रुग्णांवरच्या २०१८ च्या अभ्यासात हा बदल मृत्यूच्या धोक्याशी जोडलेला आढळला. पुढे ब्रिटनमधल्या ४०,०९१ रुग्णांच्या २०२४ च्या पाहणीत हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी जवळपास दोन तृतीयांश मृत्यू धमनीत मोठा अडथळा नसलेल्यांचे होते. ज्यांचा रिपोर्ट एरवी ‘विशेष काही नाही’ म्हणून फाइलमध्ये गेला असता, त्यांच्यातलं कोण खरंच धोक्यात आहे हे ओळखण्याची ही एक वाट आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेचा हृदयाच्या चित्रणात मला दिसणारा खरा उपयोग इथे आहे: माणसाचा डोळा जिथे थकतो तिथे मोजमाप करणं.

एडिनबरातच पेट स्कॅन, म्हणजे शरीरात सोडलेलं किरणोत्सारी द्रव्य कुठे जमतं हे दाखवणारी तपासणी, वापरून वेगळा प्रयोग झाला. हाडांच्या तपासणीसाठी पूर्वी वापरात असलेलं किरणोत्सारी सोडियम फ्लोराइड नुकत्याच तयार होणाऱ्या बारीक कॅल्शियम कणांना चिकटतं, आणि असे कण धगधगत्या प्लाकमध्ये असतात. २०१४ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या ४० रुग्णांत ते टोचलं, तेव्हा ३७ जणांत अटॅकला कारण ठरलेला प्लाकच सगळ्यात जास्त उजळला. पण त्यातल्या किरणोत्सारी फ्लोरिनचं अर्धायुष्य ११० मिनिटांचं आहे, म्हणजे तेवढ्यात तो निम्मा उरतो; तो सायक्लोट्रॉन नावाच्या मोठ्या यंत्रात बनवून तातडीने पोचवावा लागतो. ही तपासणी तालुक्याच्या गावी येईल असं नजीकच्या काळात वाटत नाही.

एमआरआयचं काम अटॅकनंतरचं. गॅडोलिनियम नावाचं औषध मेलेल्या स्नायूत रेंगाळतं, म्हणून तो भाग चित्रात पांढरा उजळतो. किती स्नायू गेला आणि किती अजून जिवंत आहे हे कळतं. शंभरातल्या सहाएक अटॅकमध्ये अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्याच दिसतात, आणि इतर अटॅकच्या मानाने यात स्त्रियांचं प्रमाण जास्त असतं. अशा बाईला ‘काही नाही, टेन्शन घेऊ नका’ म्हणून घरी पाठवणं हा अन्याय आहे. एमआरआय सांगू शकतो की तो खरा अटॅक होता, हृदयस्नायूचा दाह होता, की धक्क्याने हृदय तात्पुरतं दुबळं झालं होतं. तिन्हींचे उपचार वेगळे आहेत.

यंत्रंही बदलत आहेत. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला फोटॉन मोजणारा सीटी क्ष-किरणांचा प्रत्येक कण वेगळा मोजतो आणि ०.२ मिलिमीटरपर्यंतचा तपशील दाखवतो. ०.२ मिलिमीटर म्हणजे २०० मायक्रॉन. ६५ मायक्रॉनचं आवरण त्यालाही दिसत नाही. म्हणून घनता, दाह, चरबी अशा आडवाटांनी त्याचा माग काढावा लागतो.

एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. छातीत जोरात दाबल्यासारखं होतंय, घाम फुटलाय, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जातेय, अशा वेळी यातली कुठलीही तपासणी शोधत बसू नये. लगेच ईसीजी, आणि त्यात धमनी बंद झाल्याची खूण असेल तर थेट कॅथ लॅब, म्हणजे जिथे कॅथेटरने धमनी उघडतात तो विभाग. ती जवळ नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन. धोका मध्यम असलेल्या तातडीच्या १,७४८ रुग्णांवर ब्रिटनमध्ये सीटी लवकर करून पाहिला, तेव्हा वर्षभरातल्या अटॅक किंवा मृत्यूंत फरक पडला नाही.

आपल्याकडे हा विषय जास्त निकडीचा आहे. ‘इंटरहार्ट’ या जगभरच्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला अटॅक येण्याचं मधलं वय ५३ होतं, इतर देशांत ५९. त्याच वेळी शहरांत लक्षणं नसलेल्यांनाही चेकअप पॅकेजमध्ये सीटी अँजिओग्राफी दिली जाताना दिसते. लक्षणं नसताना ती केल्याने जीव वाचतात का, याचं उत्तर ‘स्कॉट-हार्ट २’ मध्ये शोधायचं आहे. ४० ते ७० वयाच्या, लक्षणं नसलेल्या सहा हजार लोकांत, नेहमीच्या जोखमीच्या हिशोबावर उपचार ठरवणं आणि सीटीवर ठरवणं, यांची तुलना त्यात आहे. तोवर बिनलक्षणाच्या माणसासाठी रक्तदाब, साखर, एलडीएल (‘वाईट’ कोलेस्टेरॉल) आणि तंबाखू यांचा हिशोब आधी.

ज्यांना डॉक्टरांनी सीटी अँजिओग्राफी सांगितली आणि झाली, त्यांनी रिपोर्टमध्ये अडथळ्याच्या टक्केवारीवर थांबू नये. २०२२ पासून रिपोर्ट लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्लाक एकूण किती आहे यासाठी ‘पी-१’ (सगळ्यात कमी) ते ‘पी-४’ (सगळ्यात जास्त) अशी श्रेणी आहे, आणि धोकादायक दिसणाऱ्या प्लाकसाठी ‘एचआरपी’ अशी खूण. टक्केवारी ३० असली आणि शेजारी ‘पी-३’ लिहिलेलं असलं, तर स्टॅटिन सुरू करायचं का आणि एलडीएल किती खाली आणायचं, हे डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावं.