अँजेलिकाने बहिणीसाठी हॅमिल्टनवर पाणी सोडलं नव्हतं

अमेरिकेच्या संस्थापकांपैकी एक असलेल्या अलेक्झांडर हॅमिल्टनच्या लग्नाची एक गोष्ट लोक इतिहास म्हणून सांगतात, की मोठी बहीण अँजेलिका त्याच्या प्रेमात पडली पण धाकट्या एलायझासाठी तिने त्याग केला आणि घरात मुलगा नसल्याने तिला श्रीमंत स्थळ बघणं भागच होतं. 'हॅमिल्टन' या गाजलेल्या म्युझिकलमध्ये (संगीत नाटकात) असंच दाखवलंय, गाणी जबरदस्त आहेत हे मान्य, पण तारखा जुळतच नाहीत ना.

अँजेलिकाने १७७७ मध्येच जॉन चर्चशी पळून जाऊन लग्न केलं, तेही वडिलांच्या मनाविरुद्ध, १७७८ मध्ये तिला मुलगाही झाला. हॅमिल्टन आणि एलायझाचं जमलं ते १७८० मध्ये मॉरिसटाउनला, आणि १४ डिसेंबर १७८० ला ऑल्बनीत त्यांचं लग्न झालं. म्हणजे अँजेलिका तेव्हा लेकुरवाळी होती, त्याग कसला करणार! आणि घरात मुलगा नाही हे तर साफ खोटं, या बहिणींचे वडील जनरल स्कायलर यांचे तीन मुलगे मोठे झाले.

मेहुणी-भाऊजींची थट्टामस्करी मात्र खरी. १७८७ च्या पत्रात हॅमिल्टनने तिच्या आधीच्या पत्रातल्या एका स्वल्पविरामावरून तिला छेडलंय, मुद्दाम दिलास की चुकून असं. १७९४ ला तर तिने थेट एलायझालाच लिहिलं की जुन्या रोमन लोकांसारखी उदार असशील तर नवरा थोडे दिवस उसना दे. चोरून प्रेम करणारी बाई हे बायकोलाच लिहील का?

मला वाईट वाटतं ते एलायझाचं. नवरा गेल्यावर ५० वर्षं त्याचे कागद जपले, अनाथाश्रम उभा केला, आणि लोकांना आठवते ती न झालेली प्रेमकहाणी.