‘ब्लू मंडे’च्या प्रत्येक प्रतीमागे तोटा? अर्धंच खरं
न्यू ऑर्डर या ब्रिटिश बँडचं ‘ब्लू मंडे’ हे गाणं मार्च १९८३ मध्ये रेकॉर्डवर आलं. जितकं खपलं तितकी त्यांची रेकॉर्ड कंपनी फॅक्टरी रेकॉर्ड्स तोट्यात गेली, हा किस्सा अजून फिरतोय. डिझायनर पीटर सॅव्हिलने रेकॉर्डचं कव्हर फ्लॉपी डिस्कसारखं केलं: साच्याने कापलेली भोकं, आत चंदेरी पाकीट. हे कापकाम महाग पडलं, हे खरंच. पण नंतरच्या प्रतींना बिनभोकांचं स्वस्त कव्हर आलं. म्हणजे तोटा धरलाच तर सुरुवातीच्या प्रतींपुरता. तोही कुणी ५ पेन्स सांगतं, कुणी १०.

खरा घोळ स्टुडिओत झाला, आणि तो ऐकूही येतो. सीक्वेन्सर, म्हणजे भरलेले स्वर आपोआप वाजवणारं यंत्र, बँडमधल्या बर्नार्ड सम्नरने किट जोडून बनवलेला. त्यात एकेक स्वर हाताने भरावा लागे. बँडमधल्याच जिलियन गिल्बर्टने ए-फोर कागद चिकटवून अख्खा क्रम लिहिला. भरताना एक स्वर सुटला, म्हणून सिंथेसायझरची धून ठेक्यापासून किंचित सरकली. ती तशीच ठेवली, हे फार बरं झालं.