बुच कॅसिडी अँड द सनडान्स किड : दोस्तीमागचा इतिहास

यापुढचं बहुतेक सगळं खरं आहे, असं १९६९ सालचा हा वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या जुन्या पश्चिमेतल्या दोन दरोडेखोरांचा चित्रपट, सुरुवातीलाच पडद्यावर लिहून टाकतो. माणसं खरी, रेल्वेवरचे दरोडे खरे, बोलिव्हियाही खरा. ज्या दोस्तीसाठी चित्रपट लोकांच्या मनात बसला, तिचा इतिहास मात्र तितका जुना नाही.

बुच म्हणजे रॉबर्ट लेरॉय पार्कर. जन्म १८६६ चा, युटामधल्या मॉर्मन कुटुंबातला. पेनसिल्व्हेनियाच्या हॅरी लाँगाबॉने घोडा चोरला आणि वायोमिंगमधल्या सनडान्स गावी तुरुंगवास भोगला. त्या गावाचं नाव त्याला कायमचं चिकटलं. १८८९ मध्ये टेल्युराइडची बँक लुटताना बुचबरोबर भलतेच साथीदार होते. १८९७ मध्ये कॅसल गेटला कोळसा कंपनीच्या पगाराची रोकड पळवली, तेव्हा सोबत होता एल्झी ले. बुचचा खरा जिवलग तोच. १८९९ मध्ये तो पकडला गेला, जन्मठेप झाली आणि त्याची जागा रिकामी पडली. बुच आणि सनडान्स ही जोडगोळी ठळकपणे दिसते ती त्यानंतरच, म्हणजे ‘वाइल्ड बंच’ या त्यांच्या दरोडेखोर टोळीच्या अखेरच्या दिवसांत.

१९०० मध्ये टोळीतल्या पाच जणांनी फोर्ट वर्थला सुटाबुटात, डोक्यावर गोल हॅट चढवून फोटो काढून घेतला. एवढा नीटनेटका पुरावा हाती आल्यावर खासगी गुप्तहेरांचं काम सोपं झालं. १९०१ मध्ये हे दोघे आणि सनडान्सची जोडीदार एटा प्लेस न्यूयॉर्कहून ब्वेनोस आयरेसला गेले. पुढची चार वर्षं अर्जेंटिनात चोलिलाला त्यांनी जमीन घेऊन गुरं पाळली. ही वर्षं चित्रपटाने सरळ गाळली आहेत. दोस्ती मुरली असेल तर ती इथेच, पण शेणामातीच्या संसारात पाठलाग कुठून आणणार?

चित्रपटात दोघे पाठलाग चुकवत बोलिव्हियाला पळतात. या पळून जाण्यावरूनच पटकथेला आधी विरोध झाला. वेस्टर्नचा नायक पाठ दाखवत नाही, हा स्टुडिओवाल्यांचा आक्षेप. लेखक हटला नाही, आणि त्याचंच बरोबर होतं. शेवटी पटकथा चार लाख डॉलरना विकली गेली. तेव्हाचा तो विक्रम होता.

खरा वाद शेवटाचा. ४ नोव्हेंबर १९०८ ला बोलिव्हियात तुपिझाजवळ एका खाण कंपनीची रोकड लुटली गेली. दोन दिवसांनी दोन परदेशी सान व्हिसेंतेला मुक्कामाला आले. त्यांच्याजवळचं खेचर कंपनीचं होतं, ते ओळखू आलं. चित्रपटात इथे सैन्याची मोठी तुकडी छपरांवर दबा धरून बसते. प्रत्यक्षात चालून आले एक कॅप्टन, दोन शिपाई आणि एक पोलीस अधिकारी. चकमकीत एक शिपाई मेला. सकाळी खोलीत दोघांचे मृतदेह सापडले, एकाच्या कपाळात गोळी, दुसऱ्याच्या कानशिलात. एकाने आधी जखमी साथीदाराला संपवलं आणि मग स्वतःला, असा अंदाज तेव्हाच बांधला गेला.

दिग्दर्शकाने दोघांना पिस्तुलं रोखून बाहेर धावताना गोठवलं. फक्त गोळीबाराचा आवाज येत राहतो आणि चित्राला जुन्या फोटोचा रंग चढतो. दृश्य म्हणून ते अप्रतिम आहे, यात शंका नाही. पण एका मित्राने दुसऱ्यावर झाडलेली शेवटची गोळी त्यातून वगळली जाते, आणि दोस्तीच्या गोष्टीत तिच्याइतकं कठीण आणि बोलकं दुसरं काहीच नव्हतं. हसतखेळत चाललेल्या चित्रपटाला ती पेलली नसती, हा बचाव अर्धाच पटतो.

ते मृतदेह याच दोघांचे होते का, हा प्रश्नही सुटलेला नाही. बुच १९२५ मध्ये घरी येऊन गेला, असं त्याची बहीण सांगायची. १९९१ मध्ये सान व्हिसेंतेची कबर उकरली, पण हाडं त्यांच्या नातेवाइकांशी जुळली नाहीत.

चित्रपटाला चार ऑस्कर मिळाली, तीही सुरुवातीच्या काही परीक्षणांनी नाकं मुरडल्यावर. नायक मेल्यामुळे पुढचा भाग काढता येईना, म्हणून १९७९ मध्ये मागचा निघाला. दोघांच्या सुरुवातीच्या दोस्तीचा, म्हणजे नेमका ज्या काळात बुचसोबत एल्झी ले होता त्याचा.