दगड करणारं तळं आणि धुण्याच्या सोड्याचा हिशोब

व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. टांझानियात म्हणे एक तळं आहे, पाण्याला स्पर्श झाला की प्राण्याचा दगड होतो, सोबत फांदीवर बसलेल्या दगडी पक्ष्यांचे फोटो आणि खाली कुणीतरी अहिल्येची गोष्टही जोडून दिलेली. फोटो खरे आहेत, गोष्ट खोटी. २०१३ मध्ये हे फोटो जगभर गाजले तेव्हाच कळलं होतं की फोटोग्राफरला नॅट्रॉन तळ्याच्या काठावर मेलेले, वाळून कडक झालेले पक्षी आणि वटवाघळं सापडली, आणि त्याने ती स्वतः फांद्यांवर मांडून फोटो काढले. हे त्याने लपवलंही नव्हतं, पण फॉरवर्ड करणाऱ्याला तेवढं वाचायला वेळ कुठे असतो.

त्या पाण्यात सोडा, म्हणजे आपल्या धुण्याच्या सोड्यातलं सोडियम कार्बोनेट, इतका आहे की मेलेलं पाखरू सडायच्या आधी सुकतं आणि खारवलं जातं. इजिप्तमध्ये ममी करताना जे मीठ वापरायचे ते याच घराण्यातलं. आणि ज्या तळ्यात म्हणे जीव दगड होतात तिथेच पूर्व आफ्रिकेतले जवळजवळ सगळे छोटे रोहित, म्हणजे लेसर फ्लेमिंगो, जन्माला येतात.

माझा इंटरेस्ट मात्र त्या सोड्यात आहे, तो येतो कुठून?

आधी जागा समजून घेऊ. पूर्व आफ्रिकेचं भूकवच पूर्व-पश्चिम ताणलं जातंय, वर्षाला फक्त काही मिलिमीटर, पण कोट्यवधी वर्षं. ताणलं की भेगा पडतात, मधला भाग खाली खचतो आणि दोन्ही बाजूंना कडे उभे राहतात, हीच खचदरी किंवा रिफ्ट. तिचे दोन फाटे. पश्चिमेच्या फाट्यात टांगानिका सरोवर, १,४७० मीटर खोल, त्याचं पाणी समुद्रसपाटीपासून पाऊण किलोमीटर उंचीवर आणि तळ समुद्रसपाटीच्या बराच खाली! व्हिक्टोरिया सरोवर अनेकजण रिफ्टमधलं समजतात, ते नाहीये, ते दोन फाट्यांच्या मधल्या सपाट बशीत साचलेलं पाणी आहे, खोली जेमतेम ८० मीटर. २०१८ मध्ये केनियात माई माहिउजवळ रस्ता फाटला तेव्हा 'आफ्रिका दुभंगली' म्हणून चॅनलवाले नाचले होते, पण ती मुख्यतः जोरदार पावसाने ज्वालामुखीची भुसभुशीत राख वाहून गेल्याने पडलेली घळ होती. खरं फाटणं बघायचं तर इथिओपियातलं अफार, सप्टेंबर २००५ मध्ये तिथे जमिनीखाली मॅग्मा घुसून सुमारे ६० किलोमीटर लांबीचा पट्टा काही दिवसांतच रुंदावला, काही ठिकाणी ८ मीटरपर्यंत.

आता पूर्वेचा फाटा. नायवाशा, नाकुरू, बोगोरिया, मगाडी, नॅट्रॉन ही तळी एका माळेत आहेत, खडक ज्वालामुखीचेच, ऊन तेच, तरी नायवाशाचं पाणी गोडं आणि मगाडीत पाण्यापेक्षा पांढरी खडी साखर पसरल्यासारखा सोडाच जास्त. असं का, हा हिशोब मला फार आवडतो, त्यामुळे जरा लांबण लावतो.

पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं आणि खडक सावकाश विरघळवतं. मग पाण्यात सोडियम, कॅल्शियम आणि बायकार्बोनेट उतरतात. इथले ट्रॅकाइट, फोनोलाइट हे लाव्हा सोडियमने गच्च आणि कॅल्शियमच्या बाबतीत कंजूष, हे लक्षात ठेवा. हे पाणी बंद, म्हणजे बाहेर वाट नसलेल्या तळ्यात आलं आणि आटायला लागलं की सगळ्यात आधी कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं, गीझरच्या कॉइलवर जमतं तेच. यात एका कॅल्शियममागे दोन बायकार्बोनेट खर्च होतात, एक त्या क्षारात अडकतं आणि दुसऱ्याचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. मग सगळा प्रश्न एवढाच, आधी कोण संपतं?

समजा कॅल्शियम १० आहेत आणि बायकार्बोनेट ३०. दहाच्या दहा कॅल्शियम गेले, २० बायकार्बोनेट गेले, उरले १०, आणि आता त्यांना अडवायला कॅल्शियमच नाही. पाणी आटत राहतं, बायकार्बोनेट दाट होत जातं, आणखी कार्बन डायऑक्साइड उडतो, कार्बोनेट तयार होतं, सोडियमबरोबर मिळून तोच सोडा, आणि पीएच, म्हणजे अल्कधर्मीपणाचं माप, चढत चढत १० च्या वर. सोड्याचं तळं तयार. उलट कॅल्शियम २० असते तर? १५ कॅल्शियमने तीसच्या तीस बायकार्बोनेट संपवले असते, ५ कॅल्शियम शिल्लक, आणि कितीही आटवा, सोडा कधीच मिळणार नाही. समुद्राचं पाणी या दुसऱ्या गटातलं, म्हणून आपल्या मिठागरांत मीठ येतं, सोडा येत नाही. सुरुवातीचा फरक थोडासाच असला तरी शेवटी दोन वाटा पार वेगळ्या होतात, हे हार्डी आणि युगस्टर या दोन भूरसायनतज्ज्ञांनी १९७० मध्ये नीट मांडलं.

याचा एक वाईट जोडपरिणाम आहे. कॅल्शियम असतं तर फ्लोराइडलाही त्याने धरून खाली बसवलं असतं. इथे ते नाही, त्यामुळे फ्लोराइड पाण्यातच साठत जातं, आणि रिफ्टमधल्या बऱ्याच गावांत लोकांचे दात तपकिरी पडलेले दिसतात. त्यात कडधान्यं लवकर शिजावीत म्हणून तोच मगाडी सोडा भांड्यात टाकतात, त्यातूनही फ्लोराइड पोटात जातं.

मगाडीला पाणी मुख्यतः काठावरच्या गरम झऱ्यांमधून येतं, आणि त्यातून जमणाऱ्या ट्रोना नावाच्या सोड्याचे थर काही ठिकाणी कित्येक मीटर जाड आहेत. तो काढणारी कंपनी आज टाटा केमिकल्सची आहे. तिथे एक छोटा तिलापिया मासा राहतो. बहुतेक मासे कल्ल्यांतून अमोनिया बाहेर टाकतात, पण एवढ्या अल्कधर्मी पाण्यात अमोनिया बाहेर पडेना, म्हणून हा पठ्ठ्या आपल्यासारखा युरिया बनवतो.

मग नायवाशा गोडं कसं? तिथूनही वरून एकही नदी बाहेर जात नाही. पण तळ गळका आहे, पाणी जमिनीखालून झिरपत निघून जातं आणि जाताना क्षार घेऊन जातं. म्हणजे ऊन आणि खडकाइतकंच तळ गळतो की नाही यावर सगळं आलं. आणि रिफ्टच पाहिजे असंही नाही, बंद खड्डा आणि ज्वालामुखीचा खडक पुरतो. आपलं लोणार उल्कापाताने बेसाल्टमध्ये झालेलं, पाणी तसंच अल्कधर्मी. २०२० मध्ये ते गुलाबी झालं तेव्हाही चमत्काराच्या पोस्टी आल्या होत्या, पुण्याच्या आघारकर संस्थेने पाणी तपासलं तर निघाले खारट पाण्यातले सूक्ष्मजीव.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत केनियातल्या या तळ्यांचं पाणी मात्र चढलंय, मुख्यतः पाऊस वाढल्यामुळे. नाकुरूचा सोडा पातळ झाला, त्यातलं स्पिरुलिना जातीचं हिरवं-निळं शेवाळ कमी झालं आणि त्याच्यावर जगणारे फ्लेमिंगो मोठ्या संख्येने बोगोरियाकडे गेले. बोगोरियाच्या उत्तरेला बारिंगो आहे, तेही गळकं म्हणून गोडं, हजारो लोक तिथल्या मासेमारीवर जगतात. दोघांचेही काठ पसरतायत, आणि ही दोन तळी एकमेकांना मिळून बोगोरियाचं सोड्याचं पाणी बारिंगोत शिरलं तर तिथल्या माशांचं काय, ही तिथली आत्ताची खरी काळजी आहे.