दोन प्रीमियर एका पीसीवर बसतात, प्रोजेक्ट एकाच्यातच बसतो

"एका पीसीवर प्रीमियर प्रोचं जुनं आणि नवं दोन्ही चालतं का?" ॲडोबीच्या या व्हिडिओ एडिटिंग सॉफ्टवेअरबद्दल हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी येतो. चालतं. बिनधास्त टाका. पण हे ऐकून माणूस खूश होऊन जातो आणि आठवड्याने परत फोन करतो, की जुन्यात प्रोजेक्ट उघडत नाहीये. कारण त्याने विचारलं सॉफ्टवेअरबद्दल आणि मनात होता प्रोजेक्ट, म्हणजे त्यात केलेलं एडिटिंग जिथे सेव्ह होतं ती फाइल. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि लोक इतकी वर्षं त्या एकत्र कालवतात याचा मला खरंच त्रास होतो, कारण यात लोकांची रात्र रात्र जागून केलेली कामं वाया जातात.

इन्स्टॉलचा भाग तुम्हाला माहीत असेलच, म्हणून पटकन. प्रीमियर २०२४ आणि प्रीमियर २०२५ प्रोग्राम फाइल्समध्ये आपापल्या फोल्डरमध्ये बसतात, शॉर्टकट आणि सेटिंगही डॉक्युमेंट्समध्ये व्हर्जनच्या नंबरनुसार वेगळी राहतात. २०२४ म्हणजेच व्हर्जन २४, त्यात २४.० वरून २४.६ ला गेलात तर मात्र ते त्याच फोल्डरवर चढतं, तिथे दोन-दोन ठेवायचा प्रश्नच नाही. आणि १५ नंतर एकदम २२ आलंय, मधले नंबर कधी निघालेच नाहीत, तेव्हा कोणी "प्रीमियर १८ चा सेटअप" देतो म्हणाला तर घेऊ नका.

इथे एकच गोष्ट हात जोडून सांगतो. क्रिएटिव्ह क्लाउडमधून, म्हणजे ॲडोबीची सॉफ्टवेअर टाकायच्या ॲपमधून, नवीन टाकताना ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जुनं व्हर्जन काढून टाकायची टिक आधीच मारलेली असते, ती काढा. तिथे डाउनलोडला फक्त चालू आणि त्याच्या आधीचं अशी दोनच मेजर व्हर्जन मिळतात, त्यामुळे त्याहून जुनं एकदा गेलं की गेलं.

आता मुद्दा.

गेल्या लग्नसराईत एका ओळखीच्या पोराचा फोन आला. "दादा, तीन दिवसांचं काम गायब झालंय." ऑफिसच्या पीसीवर प्रीमियर २०२३, घरी त्याने २०२३ च्या शेजारी २०२४ टाकलेलं. घरी प्रोजेक्टच्या फाइलवर डबल क्लिक केलं, ती उघडली २०२४ मध्ये. एक खिडकी आली, त्याने न वाचता ओके दाबलं, तीन दिवस हळदीपासून रिसेप्शनपर्यंत सगळं कापलं, मग पेन ड्राइव्हवर फोल्डर घेऊन ऑफिसला गेला. तिथे प्रोजेक्ट उघडला आणि टाइमलाइनवर हळदसुद्धा अर्धीच.

काम गायब नव्हतं झालं. ती जी खिडकी आली होती ना, तीच सगळ्याचं मूळ. त्यात प्रीमियर सांगत असतं की हा प्रोजेक्ट जुन्या व्हर्जनचा आहे, कन्व्हर्ट करावा लागेल, नवीन फाइलला नाव द्या. नाव ते स्वतःच सुचवतं, जुन्याच नावापुढे अंडरस्कोर आणि १. ओके दाबलं त्या क्षणी तुमचा एक प्रोजेक्ट उरला नाही, दोन झाले. मूळ फाइल होती तशी राहते, तिला कोणी हात लावत नाही, आणि इथून पुढचं सगळं काम त्या एकवाल्या फाइलमध्ये जातं. दोघींचा आता एकमेकींशी काही संबंध नाही. ऑफिसमध्ये त्याने नेहमीच्या नावाची फाइल उघडली, जी तीन दिवसांपूर्वीच थांबलेली होती, आणि शेजारची एकवाली उघडायला गेला तर २०२३ म्हणालं ही नव्या व्हर्जनमध्ये सेव्ह केलेली आहे, इथे उघडणार नाही. ऑटोसेव्हच्या फोल्डरमधूनही काही हाती लागत नाही, कारण ऑटोसेव्हसुद्धा त्याच नव्या व्हर्जनमधून झालेले असतात.

म्हणजे दोन सॉफ्टवेअर एका घरात सुखाने राहतात, पण प्रोजेक्ट जुन्याकडून नव्याकडे जातो आणि परत येत नाही. लोक वर्डच्या फाइलसारखं धरून चालतात, की कुठेही उघडा कुठेही सेव्ह करा. इथे तसं नाही, कारण प्रोजेक्टच्या फाइलमध्ये तुमचे कट तर असतातच, शिवाय प्रत्येक इफेक्ट, प्रत्येक टायटल त्या व्हर्जनच्या भाषेत लिहिलेलं असतं.

मग कोणीतरी शहाणा सांगतो की फाइल अनझिप कर, नोटपॅडमध्ये उघड, वरचा व्हर्जनचा आकडा बदलून १ कर. आकडा खरंच तिथे असतो, कारण प्रोजेक्टची फाइल म्हणजे जीझिपने (झिपसारखंच) दाबलेलं एक्सएमएल, म्हणजे साधा वाचता येणारा मजकूर आहे, आणि बऱ्याचदा फाइल उघडतेही. पण आकडा बदलून दारावरचा वॉचमन फक्त बाजूला होतो, आत जे नवीन लिहिलंय ते जुन्या प्रीमियरला वाचता येत नाही ते नाहीच येत. साधे कट वाचतील, नवे इफेक्ट कुठे गळतील ते तुम्हाला एक्सपोर्ट पाहताना कळेल, किंवा क्लायंटला. मी हे फक्त अडलेल्याला आणि कॉपीवर करायला सांगतो. त्यापेक्षा नव्यातून फायनल कट प्रो एक्सएमएल (एका एडिटिंग सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात टाइमलाइन न्यायची फाइल) काढा आणि जुन्यात इम्पोर्ट करा, कट आणि क्लिपची जागा येते, कलर आणि टायटल परत करायची मनाची तयारी ठेवा. त्या पोराने तेच केलं, एक रात्र गेली.

माझा नियम ठरलेला आहे: ज्या व्हर्जनमध्ये प्रोजेक्ट सुरू, त्यातच डिलिव्हर. मध्ये कितीही भारी फीचर येऊ दे. फाइलच्या नावातच व्हर्जन लिहा, "पाटील_लग्न_पीआर२३" असं. आणि दोन व्हर्जन असलेल्या पीसीवर प्रोजेक्टच्या फाइलवर डबल क्लिक करायचं नाही म्हणजे नाही, आधी हवं ते प्रीमियर उघडा, मग फाइल मेनूतून ओपन.

किरकोळ गोष्टी. मीडिया कॅशे (क्लिप पटकन चालाव्यात म्हणून प्रीमियर बनवतं त्या तात्पुरत्या फाइल्स) दोन्ही व्हर्जनची एकाच जागी असते, उडवली तर दोघांनाही परत बनवावी लागते, नुकसान काही नाही. बाहेरचे प्लगिन (वरून जोडलेले जादा इफेक्ट) बहुतेक कॉमन फोल्डरमध्ये बसतात, म्हणून नव्यासाठी प्लगिन अपडेट केलं की जुन्यालाही तेच मिळतं, हे लक्षात असू द्या. ॲडोबीच्याच आफ्टर इफेक्ट्समधलं काम डायनॅमिक लिंकने थेट टाइमलाइनवर जोडलेलं असेल तर त्याचंही जोडीचंच व्हर्जन ठेवा. आणि आपल्यासाठी खास: ग्राफिक्सच्या प्रेफरन्समध्ये टेक्स्ट इंजिन साउथ एशियन वर केलेलं असतं ते नव्यातही एकदा तपासा. जुनी सेटिंग इम्पोर्ट केली नाहीत तर नवं प्रीमियर मूळ सेटिंगवर असतं, आणि मग "चि. सौ. कां." टाइप करताना वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते.

शेवटी दाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवाल्यांसाठी, कारण प्रीमियरची सवय इथे उलटी पडते. रिझॉल्व्हचं नवं व्हर्जन जुन्यावरच चढतं, शेजारी बसत नाही. प्रोजेक्टही सुट्या फाइलमध्ये नसतो, प्रोजेक्ट लायब्ररीत, म्हणजे सगळे प्रोजेक्ट एकत्र ठेवणाऱ्या डेटाबेसमध्ये असतो, आणि नव्यात उघडताना अंडरस्कोर १ वाली वेगळी कॉपी बनत नाही. तोच प्रोजेक्ट, त्याच नावाने, नव्याचा होऊन बसतो आणि जुन्यात परत उघडत नाही. म्हणून तिथे इन्स्टॉलरला हात लावायच्या आधी प्रोजेक्ट मॅनेजरमधून अख्ख्या लायब्ररीचा बॅकअप घ्या, आणि चालू असलेला प्रत्येक प्रोजेक्ट डीआरपी (रिझॉल्व्हच्या प्रोजेक्टची सुटी फाइल) म्हणून एक्सपोर्ट करून दुसऱ्या ड्राइव्हवर टाका.