खतांची होळी: दख्खनच्या असंतोषाची पार्श्वभूमी

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले आणि कर्जाची खतं, म्हणजे लेखी कागदपत्रं, हिसकावून जाळू लागले. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. माणसांवर हात क्वचितच उठला; रोख कागदावर होता.

राग सावकारावर निघाला, पण त्याचं मूळ सरकारी दप्तरात होतं. रयतवारीत, म्हणजे सरकार थेट शेतकऱ्याकडून जमीनमहसूल घेई त्या पद्धतीत, हा सारा रोखीने भरायचा, पीक येवो न येवो. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिथला कापूस विलायतेला मिळेना, तेव्हा इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि सावकारांनीही हात सैल सोडला. १८६५ मध्ये ती लढाई संपली आणि भाव कोसळले. नेमकं त्याच सुमारास, १८६७ पासून, जमिनीची फेरपाहणी करून सारा वाढवला गेला. त्यात १८५९ चा मुदतीचा कायदा. खत तीन वर्षांनी बाद ठरलं की व्याज साचणार नाही, असा त्यामागचा हेतू. झालं उलटंच. सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवं खत लिहून घेऊ लागला, आणि निरक्षर कुणब्याने अंगठा उठवलेला तोच कागद कोर्टात त्याची जमीन घेऊन गेला.

पाठोपाठ १८७६ चा दुष्काळ. मदतकामावरची मजुरी इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने दिवसाला रत्तलभर (सुमारे अर्धा किलो) धान्य आणि वर जुजबी पैसे इतकी खाली आणली. आपल्याकडच्या मजुरांनी ती नाकारून कामं सोडली. आणि ऐन दुष्काळात, १ जानेवारी १८७७ ला, व्हाइसरॉय लिटनने व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करायला दिल्लीत दरबार भरवला. हे वाचताना आजही अंगाची लाही होते.

शिकलेल्यांचे डोळेही याच वर्षांत उघडले. सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आली, १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांचं तोंड बांधलं गेलं.

पुण्यातल्या सार्वजनिक सभा या संस्थेचे गणेश वासुदेव जोशी दिल्लीच्या त्या दरबारात खादी नेसून गेले होते. पुण्यात लष्करी हिशेबखात्यात नोकरी केलेल्या वासुदेव बळवंत फडक्यांनी १८७९ मध्ये रामोशांना घेऊन बंड केलं. ते पकडले गेले, तेव्हा त्यांचं वकीलपत्र घेतलं ते याच जोशींनी.